भिजलेलं लाकूड आणि ओलं लाकूड

हस्ताचा पाऊस झोडपून गेला की आमच्या गल्लीत हमखास ऐकू येतं, "सगळं सरपण ओलं झालं गं." आणि वखारीतून आणलेली ताजी बाभूळ चुलीत नुसती धुमसत राहिली, तरी तोंडात तेच येतं, "लाकडं ओली आहेत." शब्द एकच, पण दुखणी दोन. पहिलं लाकूड चार दिवसांत ताळ्यावर येतं. दुसऱ्याला चार महिने द्यावे लागतात. एकाचा इलाज दुसऱ्याला केला की घरचं जळण बिघडतं, हे आम्ही भोगलेलं आहे.

आमच्याकडे कडक भाकरीचं काम चालतं, चूल रोज पेटते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका वखारीतून ट्रॉलीभर फोडलेली बाभूळ घेतली. "वाळलेली आहे," असं सांगितलं होतं आणि दिसतही तशीच होती. सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात कुठलंही लाकूड आठ दिवसांत वरून करडं पडतं. मृगाआधी आम्ही सगळी रास ताडपत्रीत चारही बाजूंनी गुंडाळून दोरीनं आवळली. नवरात्रात सोडली तेव्हा आंबूस वासाचा भपकारा आला. ताडपत्रीच्या आतून थेंब लोंबत होते आणि ढलप्यांवर पांढरी बुरशी पसरली होती. शेजारीच कडुलिंबाची जुनी थप्पी पावसाळाभर उघडी पडली होती. आई त्यातली चार लाकडं काढून दोन दिवस पडवीत ठेवायची आणि ती खुशाल पेटायची.

असं का झालं? जिवंत झाडाच्या लाकडात पाणी दोन जागी असतं : काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं. तोडल्यावर आधी मोकळं पाणी जातं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी उरेपर्यंत लाकडाचा आकार फारसा बदलत नाही. त्याखाली भिंतींतलं पाणी निघू लागलं की लाकूड आकसतं आणि टोकांना चांदणीसारख्या भेगा पडतात. चुलीसाठी हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली यायला हवं. आमच्या बाभळीचं बरंचसं पाणी आतच होतं. त्याला बाहेर पडायची वाट आम्हीच ताडपत्रीनं बुजवली. कडुलिंबावर पडलेला पाऊस मात्र साल, वरचा थर आणि भेगा यांतच राहिला. वारा लागला की तो निघून जातो. अर्थात लाकूड महिनाभर डबक्यात पडलं, तर तेही आतपर्यंत फुगतं आणि कुजतं.

दोन्ही ओळखायला फार काही लागत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. मुरून वाळलेलं लाकूड खणखणतं, वरून थोडं भिजलेलं असलं तरी. हिरवं, म्हणजे ताजं तोडलेलं आणि आतून ओलं लाकूड धप्प वाजतं. टोकाच्या भेगा बघा, साल नखानं उचकटून बघा. हिरव्याची साल चिकटून बसते आणि खाली ओशट लागते. माझा सगळ्यात जास्त भरवसा कुऱ्हाडीवर आहे. जाडसर ढलपी मधोमध फोडायची आणि आतली बाजू गालाला लावायची. हिरवी असेल तर गार, दमट लागते. भिजलेली असेल तर कडेला काळपट ओली रेघ दिसते आणि आत फिकट, कोरडं लाकूड असतं. चुलीतही फरक कळतो. भिजलेलं थोडा वेळ चुरचुरतं आणि पेट घेतं. हिरव्याच्या टोकातून फेस येतच राहतो. गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाच पटींहून जास्त त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. ती सगळी उष्णता जाळातूनच जाते. तव्याखाली आच उरत नाही आणि धूर भाकरी थापणारीच्या डोळ्यांत नि छातीत जातो. म्हणूनच मी यावर एवढं बोलते.

वखारीत लाकूड वजनावर मिळतं, हेही ध्यानात ठेवा. शंभर किलोत ४० किलो पाणी असेल, तर पैसे पाण्याचेही मोजले.

तर हिरव्या लाकडाला वारा हवा. ते हिवाळ्यात घ्यावं आणि लगेच फोडावं, कारण पाणी टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून निघतं, सालीतून फारसं निघत नाही. खाली विटा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे ठेवून राशीला जमिनीपासून वीतभर उचलावं, नाहीतर वाळवी लागलीच म्हणा. भिंतीला चिकटवू नये. थर आडवे-उभे रचावेत, म्हणजे फटींतून वारा खेळतो. पावसाळ्यात फक्त माथ्यावर पत्रा टाकावा, बाजू उघड्या ठेवाव्यात. भिजलेल्या लाकडाला एवढा खटाटोप नको. वरचे दोन थर उतरवून आडोशाला मोकळे पसरायचे, पुरे. बंबासाठी बारीक चिरफळ्या केल्या तर त्या आणखी लवकर वाळतात.

यंदा फाल्गुनात मी एका ढलपीवर खडूनं खूण करून ती तराजूवर ठेवली : २ किलो ३०० ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी वजन करत गेले. ज्येष्ठ लागेपर्यंत ती १ किलो ६५० वर आली आणि तिथेच थांबली. परवाच्या सरीत भिजली तेव्हा ४० ग्रॅम वाढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा १ किलो ६५०.