पोट सुटलं, त्याचं मेंदूला काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल आला. मधुमेहावरचं, वजन उतरवणारं हे औषध सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये उपयोगी पडतं का, हे सुमारे ३,८०० रुग्णांवर तपासलं गेलं. स्मृतीची घसरण काही मंदावली नाही. मग चरबीचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंधच नाही म्हणायचं का?

संबंध दिसतो, पण तो मधल्या वयातला. कॅलिफोर्नियात साडेसहा हजार लोकांच्या पोटाची जाडी १९६४ ते १९७३ दरम्यान मोजून ठेवली होती. तेव्हा ते चाळिशीत होते. सरासरी ३६ वर्षांनी पाहिलं, तर सर्वांत मोठी पोटं असलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका सपाट पोटवाल्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. वजन बेताचं पण पोट पुढे, अशांनाही धोका जास्तच होता.

आतड्यांभोवतीची चरबी गप्प बसत नाही. तिच्यातली मेदाम्लं थेट यकृताकडे जातात, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतत राहतं. आता मला सगळ्यात आवडणारा भाग. काम झालेलं इन्शुलिन मोडायला शरीरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याचे दोन अर्धे बिजागरीवर उघडतात आणि मिटतात, अगदी करंजीच्या साच्यासारखे. रेणू आत आला की साचा मिटतो आणि आत त्याचे तुकडे होतात. इन्शुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनात ४० ते ४२. तेही याच पोकळीत मावतं आणि तिथेच मोडतं! म्हणजे गिऱ्हाइकं दोन, दुकान एकच. इन्शुलिनची गर्दी झाली की अमायलॉइड ताटकळतं. हे विकर नसलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड वाढल्याचं २००३ मध्ये दिसलंही. शिवाय अमायलॉइडचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळी झाली, की ती पोकळीत शिरतच नाही. उशिरा दिलेलं औषध तोकडं पडण्यामागे हेही एक कारण असू शकेल, हा आपला माझा तर्क.

माणसात हीच वाट मुख्य आहे, असं सिद्ध झालेलं नाही. अमायलॉइड मोडणारी इतर विकरंही आहेत. चरबीमुळे होणारा दाह आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान वेगळंच. त्यामुळे अल्झायमरला सर्रास ‘टाइप ३ मधुमेह’ म्हणणं आणि त्या नावावर चरबी जाळणारे काढे खपवणं, दोन्ही आचरटपणा आहे.

वयाचा घोळ ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या दीर्घकालीन ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात स्पष्ट होतो. पन्नाशीतल्या लठ्ठपणाशी स्मृतिभ्रंशाचा संबंध दिसला, साठी-सत्तरीतल्या लठ्ठपणाशी नाही. कारण निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून वजन उतरू लागतं. आजोबा आपोआप बारीक होऊ लागले, तर ‘तब्येत सुधारली’ म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावं.

आणि आपल्याकडे वजनकाटा आणखीच फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची जोडी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झळकली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा खाली आणली आहे: पुरुषांना ९० सें.मी., बायकांना ८०. शिंप्याची टेप पुरते.