शाळेच्या फुटबॉल टीमची यादी: वय, कागदपत्रं आन् कोणाला किती खेळवायचं

आपल्याकडं शालेय फुटबॉलच्या कितीतरी टीम मैदानात उतरायच्या आधी टेबलावरच बाद व्हायल्यात. लेकरं पहाटेच्या एसटीनं जिल्ह्याला येतात, मोजे चढवून तयार बसतात आन् तपासणीला बसलेला माणूस म्हणतो, सर, याचा पहिलीचा उतारा कुठाय? झालं, दोन-तीन लेकरं तिथंच बाहेर. म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, खेड्यातल्या शाळांचे क्रीडा शिक्षक आन् पालक दोघांसाठी.

अर्जाचं काम तसं सोपंय. शाळेच्या लॉगिननं ऑनलाइन एन्ट्री करायची, खेळ आन् वयोगट निवडायचा, खेळाडूंची माहिती, फोटो टाकायचे, फी भरायची, प्रिंटवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा आन् मुदतीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायची. अडतं ते वयावर आन् कागदावर.

वयाचं आधी बघू. "१४ वर्षाखालील" म्हणजे मॅचच्या दिवशी १४ पूर्ण नसलेला, असं बरेच पालक धरून चालतात. तसं नाही. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे २०२६-२७ ला १४ खालच्या गटात १ जानेवारी २०१३ ला किंवा त्यानंतर जन्मलेलंच लेकरू चालतं, १७ खाली १ जानेवारी २०१० आन् १९ खाली १ जानेवारी २००८. डिसेंबर २०१२ चा पोरगा आठवीत असो का सातवीत, उंचीनं केवढाबी असो, १४ च्या गटात बसत नाही, त्याला १७ मध्ये घ्या. आन् सुब्रतो मुखर्जी कप वेगळा, १९६० पासून चालू असलेली शाळांची फुटबॉल स्पर्धा, तिचा मुलांचा लहान गट १५ खालचा आहे. त्यामुळं सुब्रतोची यादी जशीच्या तशी उचलून शालेय १४ ला चिकटवली की दोन-चार नावं उडतातच. शिवाय सुब्रतोच्या जिल्हा मॅचेस शाळा उघडल्या उघडल्या पावसाळ्याच्या तोंडालाच होतात, तेव्हा जुलैत कागद गोळा करू म्हणणाऱ्याची गाडी सुटलेलीच असते.

आता तो पहिलीचा उतारा. म्हणजे इयत्ता पहिलीला ज्या शाळेत नाव घातलं तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा, रजिस्टर नंबर आन् जन्मतारखेसकट, मुख्याध्यापकांच्या सहीचा. तुमच्या हायस्कूलचं बोनाफाईड वेगळं, त्यानं हे काम होत नाही. आपल्याकडं लेकरू पहिली ते चौथी गावच्या झेडपी शाळेत आन् पाचवीपासनं तालुक्याला, त्यामुळं उतारा तुमच्या कपाटात नसतोच. आन् ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू असलं तर पहिली एका गावात, दुसरी मामाच्या गावात, मधी कारखान्यावरची साखरशाळा. त्या पालकाला विचारलं की पहिलीत नाव कुठं घातलं होतं तर तोच विचारात पडतो. त्याच्यावर चिडू नका, बसवून विचारा, जुनी टीसी बघा, टीसीवर मागच्या शाळेचं नाव असतं, तिथून मागं मागं जात पहिलीपर्यंत पोचता येतं. हे काम मे महिन्यात होत नाही कारण शाळा बंद, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच उरका. एका कागदासाठी बापाची रोजंदारी बुडवून तीन-तीन चकरा मारायला लावतात हे बघून जीव जळतो. खरं तर शाळेनं शाळेला पत्र देऊन मागवलं पाहिजे, पालकाला कामून पळवायचं?

जन्म दाखल्याचं दुखणं वेगळं. दाखला असतो, पण "बाळाचे नाव" या रकान्यात काहीच नसतं, नुसतं आई-बापाचं नाव, तारीख आन् लिंग. दवाखान्यातनं नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं आन् नंतर कोणी गेलंच नाही. असा दाखला तुमच्याच खेळाडूचा आहे हे तपासणाऱ्याला कसं पटावं? नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून एक वर्ष फुकट आन् पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब फी भरून. म्हणजे १४ च्या गटातल्या पोराकडं थोडाच वेळ उरलेला असतो, यंदाच करून घ्या. आन् ही दुरुस्ती जिथं जन्म झाला तिथल्याच नोंदणी कार्यालयात होते, गावाकडच्या ग्रामपंचायतीत नाही. जन्म कोल्हापूरकडं कारखान्यावर झाला असला तर कागद तिकडंच आहे. नोंदच झालेली नसली तर अजून अवघड, एक वर्षाच्या वरची नोंद जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी अशांच्या आदेशाशिवाय होत नाही आन् अलीकडं त्याची छाननी कडक झालीय, त्यामुळं स्पर्धा आठ दिवसांवर आल्यावर ते काम काढून उपयोग नाही.

आधार कार्ड पुढं करून "यावर तारीख आहे की सर" म्हणणारे लई भेटतात. आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. वरून आधारवर १ जानेवारी, शाळेत १० जून आन् दाखल्यावर तिसरीच तारीख, असं तिहेरी प्रकरण असलं तर ते लेकरू वादात सापडणारच. आधी दाखला नीट करा, मग त्यावरून आधार. शाळेच्या रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापक स्वतःच्या पेनानं बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. कोणी "करून देतो" म्हणलं तर नको म्हणा, खाडाखोड सापडली की टीम बाद होते आन् बट्टा लेकराला लागतो.

आता यादीत किती घ्यायची. आकडा त्या स्पर्धेच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात असतो, गेल्या साली किती होते त्यावर जाऊ नका. पण आकडा दिलाय म्हणून तेवढी भरलीच पाहिजेत असं कुठंय? मला सगळ्यात खटकतं ते हेच. कागद अर्धवट असलेली आन् आपण खेळवणारच नाही अशी नावं घालून यादी फुगवतात, मग ते लेकरू बूट उसने आणून, घरून भाकरी बांधून दोन दिवस काळ्या मातीच्या चिखलात बाजूला उभं राहतं, एक मिनिट मैदान दिसत नाही. पुढच्या वर्षी ते प्रॅक्टिसलाच येत नाही.

नियमात कोणाला किती मिनिटं खेळवायचं हे लिहिलेलं नाही, ते कोचच्या हातात. पण फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला खेळाडूंबद्दलचा नियम ३ नीट वाचला तर लेकरांना खेळवायला वाव भरपूर आहे. मैदानात ११, सातपेक्षा कमी झाले तर मॅच सुरूच होत नाही किंवा पुढं चालत नाही. राखीव किती नोंदवायचे ते स्पर्धा ठरवते, ३ ते १५ च्या दरम्यान. बदली अधिकृत स्पर्धेत पाचपर्यंत. आन् मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू परत आत आणायची मुभा ठेवता येते, पण त्याला राष्ट्रीय फुटबॉल संघटनेची संमती लागते आन् ती मुभा स्पर्धेच्या नियमात असली पाहिजे. म्हणून स्पर्धेआधी टीमच्या मॅनेजरांची जी मीटिंग होते तिला गेलं की चहा पिऊन परत येऊ नका, दोन प्रश्न विचारा: बदली किती, आन् परत घेता येतं का? उत्तर हो असलं तर राखीव पोरांना दोन्ही हाफमध्ये दहा-दहा मिनिटं सहज देता येतात. अमेरिकेत एवायएसओ नावाची मुलांच्या फुटबॉलची संस्था १९६४ पासून आहे, तिच्यात यादीतल्या प्रत्येकाला निदान अर्धी मॅच खेळवावंच लागतं. आपल्याकडं तशी सक्ती नाही, पण जिल्ह्याच्या पहिल्या फेरीत तरी सगळ्यांना उतरवायला काय हरकत आहे?

मॅचच्या दिवशी रेफ्रीकडं जो टीम शीट द्यायचा त्यात राखीवांची नावं मॅच सुरू व्हायच्या आधी गेलीच पाहिजेत. नाव नाही तर ते लेकरू त्या मॅचला उतरू शकत नाही, मग ओरिजिनल दाखला हातात असला तरी. एसटी उशिरा आली, नऊच पोरं पोचली, तर नऊवर सुरू करा पण मागून येणाऱ्या दोघांची नावं शीटवर आधीच लिहा, मग ते आले की खेळू शकतात. हे न लिहिल्यामुळं टीम शेवटपर्यंत नऊवर खेळलेल्या आहेत.

आन् यादी करताना दसऱ्यानंतर कोण कोण कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणार हे आधीच विचारून ठेवा. जिल्हा जिंकून संभाजीनगर किंवा लातूर विभागाला जायची वेळ येती तेव्हाच निम्मी घरं कारखान्याला गेलेली असतात. लेकराला आजीकडं ठेवता येईल का, गावातल्या हंगामी वसतिगृहात सोय होईल का, हे बोलणं ऑगस्टमध्ये करायचं, मुकादमाची गाडी दारात आल्यावर नाही.