हॉस्पिटल आयटी आणि क्लिनिकल डेटावाल्यांनी पीएमपी / सीएपीएमचा अर्ज कसा भरायचा: पात्रता, कागदपत्रं, ऑडिट

बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्समधली बरीच मंडळी, म्हणजे हॉस्पिटलच्या एचआयएस (हॉस्पिटलचं मुख्य सॉफ्टवेअर) टीममधे असलेली, पॅक्स (एक्स-रे, स्कॅनच्या इमेज साठवायची सिस्टीम) सांभाळणारी, क्लिनिकल ट्रायलचा डेटा बघणारी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच विचारतात, की पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे सर्टिफिकेट) तर सॉफ्टवेअर कंपनीवाल्यांचं असतं, आम्हाला कुठे चालणार? चालतं. अगदी व्यवस्थित चालतं. ते देणारी पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) ही अमेरिकेतली १९६९ सालची संस्था आहे आणि ती तुम्ही कुठल्या क्षेत्रातले हे बघत नाही, प्रोजेक्ट चालवलात का एवढंच बघते. आपल्या लोकांचं गाडं अडतं ते पात्रतेत नाही, अर्ज लिहिण्यात. त्यामुळे पात्रता पटकन सांगते आणि मग अर्जावर नीट बोलू.

पीएमआयची आपल्या कामाची दोन सर्टिफिकेशन आहेत. नवीन असाल, नुकतंच एमएस्सी किंवा बीटेक झालं असेल तर सीएपीएम (सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट). त्याला अनुभव लागत नाही, बारावीच्या लेव्हलचं शिक्षण आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २३ तासांचं ट्रेनिंग पुरतं. परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न, आणि त्यात २७ टक्के भाग बिझनेस अ‍ॅनालिसिसचा आहे. हा भाग आपल्या कामाचाच आहे खरं तर, वॉर्डमधे जाऊन नर्सला नेमकं काय हवंय ते समजून घेऊन रिक्वायरमेंट लिहिणं म्हणजे तेच.

पीएमपीला मात्र अनुभव दाखवावा लागतो. बॅचलर्स डिग्री असेल तर प्रोजेक्ट लीड केल्याचे ३६ महिने, डिप्लोमा किंवा बारावीच असेल तर ६० महिने, आणि दोन्हीकडे ३५ तासांचं ट्रेनिंग. सीएपीएम आधीच झालेलं असेल तर ते ३५ तास वेगळे दाखवावे लागत नाहीत. महिने मोजताना एक गोष्ट सगळ्यांची चुकते, एकाच वेळी दोन प्रोजेक्ट चालू असतील तर पीएमआय तो महिना एकदाच धरते, दोनदा नाही. आणि अनुभव अलीकडच्या वर्षांतला लागतो, पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट कितीही मोठा असला तरी कामाचा नाही.

ट्रेनिंगच्या तासांबद्दल. एफएचआयआर, डायकॉम, स्नोमेड सीटी या हेल्थ डेटाच्या स्टँडर्डची ट्रेनिंग कितीही केलेली असली तरी ती यात धरत नाहीत, विषय प्रोजेक्ट मॅनेजमेंटचाच हवा. पुस्तक घरी वाचलं तर तेही नाही. पीएमआयचे मान्यताप्राप्त ट्रेनिंग पार्टनर, युनिव्हर्सिटीचे कोर्स, कंपनीने घेतलेलं ट्रेनिंग, शेवटी टेस्ट असलेला ऑनलाइन कोर्स, हे चालतं. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या पीजीत प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर असेल तर त्या लेक्चरचे तास धरता येतात, फक्त कॉलेजकडून लेटरहेडवर विषय आणि तास लिहून घ्या. हे पत्र कॉलेजात असतानाच घ्या, नंतर त्या ऑफिसच्या चकरा कोण मारणार.

आता मुख्य गोष्ट. अर्ज ऑनलाइन, इंग्रजीत, आणि एकदा सुरू केला की ९० दिवसांत पूर्ण करायचा. पीएमपीच्या अर्जात प्रत्येक प्रोजेक्टची माहिती, संस्थेचं नाव, तारखा, टीम साधारण किती जणांची, आणि २०० ते ५०० शब्दांत वर्णन लिहावं लागतं. इथेच घोळ होतो. आपले लोक लिहितात, "नवीन एलआयएस (लॅबचं सॉफ्टवेअर) बसवताना टीममधे होते, डेटा मायग्रेशन आणि युएटी (वापरणाऱ्यांकडून करून घ्यायची चाचणी) केलं." यातून तुम्ही काम केलं एवढं कळतं, प्रोजेक्ट चालवला हे कळत नाही. रोजचं बॅकअप, हेल्पडेस्कची तिकिटं, महिन्याचे रिपोर्ट हे तर ऑपरेशन झालं, ते अजिबात लिहू नका. प्रोजेक्ट म्हणजे ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी काहीतरी हातात येतं.

तेच एलआयएसचं काम असं लिहा. हेतू काय होता, तर अ‍ॅनालायझरवरून रिपोर्ट हाताने टाइप करावे लागायचे ते थांबवायचं. मग मी काय केलं, पॅथॉलॉजी, नर्सिंग आणि बिलिंग तिघांना एकत्र बसवून स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, ठरवला, कुठली मशिन पहिल्या टप्प्यात जोडायची आणि कुठली नाही हे लिहून सही घेतली, जुन्या डेटात एकाच पेशंटचे दोन दोन यूएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला पेशंट नंबर) सापडले ती रिस्क नोंदवली आणि ते साफ होईपर्यंत मायग्रेशनची तारीख पुढे ढकलायचं स्टीयरिंग कमिटीला पटवलं, रात्रपाळीच्या टेक्निशियनना वेगळं ट्रेनिंग लावलं, गो-लाईव्हनंतर जुनं सॉफ्टवेअर बंद करून हँडओव्हर केला. शेवटी निकाल, काय सुरू झालं आणि त्याने काय बदललं. बघा, काम तेच आहे, पण आता निर्णय कोणी घेतले ते दिसतंय. आणि हे अर्थातच तुम्ही खरंच केलेलं असेल तरच लिहायचं. तुमचं पद मॅनेजर असायची गरज नाही, डेटा अ‍ॅनालिस्ट असूनही प्रोजेक्ट लीड केलेला चालतो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं, म्हणजे आरोग्याच्या नोंदी डिजिटल जोडायच्या सरकारी योजनेचं, इंटिग्रेशन केलं असेल तर ते तर अर्जासाठी एकदम सुटसुटीत उदाहरण आहे. सप्टेंबर २०२१ मधे ते देशभर सुरू झालं, त्यानंतर बऱ्याच हॉस्पिटल सॉफ्टवेअरना ते करावं लागलं, आणि त्याचे टप्पे आधीच ठरलेले आहेत, पहिल्यात पेशंटचा १४ अंकी आभा नंबर (हेल्थ आयडी) काढणं आणि पडताळणं, दुसऱ्यात पेशंटचे रेकॉर्ड जोडून देणं, तिसऱ्यात पेशंटच्या संमतीने दुसरीकडचे रेकॉर्ड बघणं, आणि मग टेस्टिंग आणि सिक्युरिटी ऑडिट. रिसर्चवाल्यांनी एथिक्स कमिटीच्या मंजुरीची वाट, सीटीआरआयची (क्लिनिकल ट्रायलची सरकारी रजिस्ट्री) नोंदणी, डेटाबेस लॉक (डेटा बदलणं कायमचं बंद करणं) हे शेड्यूलमधे कसं बसवलं ते लिहावं. फक्त वर्णनात पेशंटची ओळख पटेल असं काही येऊ देऊ नका, संस्थेची गोपनीय माहितीही नाही.

कागदपत्रं म्हणाल तर अर्ज भरताना अपलोड करायला फार काही लागत नाही आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात. अर्ज पाठवल्यावर काही अर्ज ऑडिटसाठी रॅंडम निवडले जातात. तुमचा निघाला तर ९० दिवसांत डिग्रीची प्रत, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं आणि प्रत्येक प्रोजेक्टची पडताळणी द्यावी लागते. पडताळणी म्हणजे त्या वेळचे तुमचे साहेब किंवा प्रोजेक्ट जवळून माहीत असलेली व्यक्ती, त्यांनी तुमचं वर्णन वाचून हो म्हणायचं. हॉस्पिटलात माणसं भराभर बदलतात, डॉक्टर दुसरीकडे जातात, आयटीचे हेड नोकरी सोडतात, म्हणून माझा आग्रह आहे की अर्ज सबमिट करायच्या आधीच त्यांना फोन करा, वर्णन वाचायला पाठवा, त्यांचा चालू ईमेल घ्या. ऑडिट चालू असेपर्यंत परीक्षेची तारीख घेता येत नाही.

नावाचं बघा जरा. अर्जातलं नाव आणि परीक्षेला दाखवायच्या आयडीवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर आडनाव वेगळं, असं सर्रास असतं. पासपोर्ट असेल तर त्यावर जसं आहे तसंच अर्जात टाका.

सगळं पार पडलं की एक वर्ष मिळतं, त्यात तीनदा परीक्षा देता येते. पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर जा किंवा घरून ऑनलाइन द्या. पीएमपीला १८० प्रश्न, वेळ चार तासांच्या आसपास. घरी एवढा वेळ शांत खोली आणि न तुटणारं नेट असेल तरच ऑनलाइन घ्या, नाहीतर सेंटरच बरं.

पास झाल्यावर सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, टिकवायला त्या काळात पीएमपीला ६० आणि सीएपीएमला १५ पीडीयू (शिकत राहिल्याचे पॉइंट) जमवावे लागतात. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे पीएमआयची चॅप्टर आहेत, त्यांच्या कार्यक्रमांतून ते मिळत राहतात, आणि कुठे काय केलं त्याची नोंद त्याच आठवड्यात पोर्टलवर टाकत गेलात तर तिसऱ्या वर्षी धावपळ होत नाही.