बिअर, घरगुती : उपकरणांची स्वच्छता व जंतुनाशन

घरी बिअर तयार करताना किण्वनपात्र (बिअर आंबवण्याचे भांडे), नळ्या, तोट्या व बाटल्या यांवरील मळ काढणे आणि त्यानंतर उरलेले सूक्ष्मजीव मारणे, या दोन क्रियांचा येथे विचार केला आहे. त्यांचा क्रम बदलता येत नाही. प्रथिने, हॉपची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) राळ व वाळलेले यीस्ट यांच्या थराखाली जीवाणू तग धरतात आणि जंतुनाशक तेथवर पोहोचत नाही. पूर्ण निर्जंतुकता (दाबाखालील वाफेत १२१° से., १५ मिनिटे) घरी आवश्यक नसते. घातलेल्या यीस्टला स्पर्धा उरणार नाही, इतपत जंतुसंख्या घटली की पुरते. वर्ट (माल्टचा गोड अर्क) तासभर उकळत असल्याने त्याआधीची भांडी नुसती घासलेली चालतात. वर्ट निवल्यानंतर ज्याचा त्याला स्पर्श होतो, त्या सर्वांचे जंतुनाशन झालेले हवे.

लूई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरचे ‘रोग’ (बिघाड) प्रामुख्याने जीवाणूंमुळे होतात असे मांडले व यीस्टच्या शुद्धीसाठी टार्टारिक अम्ल सुचविले. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हान्सेन यांना मात्र या अम्लाने वन्य (बाहेरून शिरणारे, बिअर बिघडवणारे) यीस्ट उलट बळावते, असे आढळले. त्यांनी एका पेशीपासून वाढविलेले यीस्ट १८८३ मध्ये तेथील कारखान्यात वापरात आले. जीवाणूंचा वाटा मोठा असला, तरी दोष केवळ त्यांच्यावर ठेवता येत नाही, हे हान्सेन यांचे मत अधिक ग्राह्य ठरते. १९०४ मध्ये क्लाउसेन यांनी वर्णिलेले ब्रेटॅनोमायसीज हे यीस्ट तर मुरवलेल्या इंग्लिश बिअरच्या स्वादाला कारणीभूत मानले गेले. बेल्जियमच्या लँबिक या आंबट बिअरमध्ये ते मुद्दाम हवे असते, इतरत्र तो बिघाड समजतात.

हॉपमधील कडू अम्ले बऱ्याच जीवाणूंना रोखतात. लॅक्टोबॅसिलस व पेडिओकॉकस यांचे काही वाण त्यांना दाद देत नाहीत. पहिल्याने आंबटपणा येतो, दुसऱ्याने डायअसिटिलचा लोण्यासारखा वास. बाटलीच्या मानेत बिअरच्या पातळीवर पांढरे कडे दिसले, तर संसर्गाचा संशय घ्यावा.

धुण्यासाठी कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट, तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या कठीण थरासाठी अम्ल वापरतात. जंतुनाशनास आयोडोफोर (दशलक्षात १२.५ भाग आयोडीन, सुमारे दोन मिनिटे) किंवा फॉस्फरिक अम्लयुक्त द्रावण घेतात, योग्य प्रमाणात ती खळबळून काढावी लागत नाहीत. ब्लीच स्वस्त, पण अंश राहिल्यास क्लोरोफिनॉलचा औषधी वास येतो; अम्लात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. जंतुनाशक कोणते, याची चर्चा फार होते. किण्वनपात्राची तोटी सुटी करून तिच्या आट्यांतील तपकिरी बुळबुळीत थर ब्रशने काढणे त्याहून महत्त्वाचे आहे. ओरखडे पडलेली प्लॅस्टिकची बादली बदलावी.

नॉर्वेच्या ग्रामीण भागात जुनिपर या सूचिपर्णी झुडपाच्या फांद्या उकळून त्या पाण्याने लाकडी भांडी धूत. जुनिपर जंतुनाशक असल्याचे काही अभ्यासक मानतात. तथापि मुख्य परिणाम पाण्याच्या उष्णतेचाच असावा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती करता येत नाही.