हिरव्या हौदातले मासे पहाटे का मरतात?

अंगणातल्या हौदात मासे सोडले की पहिल्याच उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं आणि कुणीतरी मोरचूद टाकायला सांगतं. मोरचुदाने शेवाळ मरतं, हे खरं. पण मोरचुदातलं तांबं माशांनाही विषारी असतं, आणि सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

शेवाळाचा खरा खेळ चालतो तो पाण्याच्या सामूशी, म्हणजे पीएचशी: पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या आकड्याशी. ऊन असेतो शेवाळ पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. पाण्यात हा वायू सौम्य आम्लासारखा वागतो. तो कमी झाला की सामू चढतो. सकाळी 7.5 असलेला सामू दुपारी 9 च्या पुढे जाऊ शकतो.

आता माशांकडे या. त्यांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: विद्युतभारित अमोनियम आणि भाररहित अमोनिया. अमोनियम कल्ल्यांच्या पडद्यातून सहजी आत शिरत नाही, अमोनिया मात्र शिरतो. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल, तर एकूण साठ्यातला एक टक्काही या घातक रूपात नसतो. सामू 8 झाला की सुमारे 5 टक्के, 9 झाला की 35 टक्क्यांच्या वर. नवा अमोनिया न मिसळताही तेच पाणी विषारी होतं!

रात्री शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण त्याचं आणि माशांचं श्वसन चालूच राहतं. त्यामुळे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे. दुपारी अमोनियाने बेजार झालेले मासे तेव्हा दगावतात. ‘माशाने घरावरचं संकट अंगावर घेतलं’ असं म्हणून लोक मेलेल्याच्या जागी नवा मासा सोडतात आणि त्याच पाण्यात त्यालाही मारतात.

शेवाळाला आवर घालायचा तर त्याचं खाद्य, म्हणजे पाण्यातला फॉस्फरस, कमी करायला हवा. कॅनडात ओंटारिओतल्या ‘लेक 226’ या तळ्याचे 1973 साली तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस एकाच भागात. हिरवा झाला तो फॉस्फरसवाला भाग.

हौदात फॉस्फरस येतो मुख्यतः माशांच्या खाद्यातून. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका, तळाचा गाळ नळीने ओढून काढा, कमळाच्या पानांची सावली वाढू द्या. यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याने तरंगतं शेवाळ जातं. दगडाला चिकटलेले धागे हातानेच उपटावे लागतात. सामू मोजाल तो मात्र दुपारी चारला मोजा. सकाळचा आकडा फसवा असतो.