फुसकारा ऐकू आला नाही तर

डिचोलीच्या आमच्या घराच्या पडवीवर पत्रे आहेत, आणि जूनचा पाऊस त्यांवर कोसळू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणेही कळत नाही. अशाच एका दुपारी भाचा तिथे माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी घरे बांधायचा संगणकखेळ खेळत असता मागून आलेल्या क्रीपरने, म्हणजे त्या खेळातल्या स्फोट होणाऱ्या राक्षसाने, त्याने बांधलेले अर्धे घर उडवून दिले. क्रीपर चालतो जवळजवळ आवाज न करता. जवळ आला की फुसकारतो आणि दीड सेकंदात फुटतो. भाच्याची ही अडचण पावसापुरती होती, कर्णबधिर खेळाडूची ती बारमाही असते.

खेळातला आवाज काय घडले आणि कुठे घडले, हे दोन्ही सांगतो. काय घडले ते लिहून दाखवता येते. दिशेचे काम अवघड आहे, कारण उजवीकडचा ध्वनी डाव्या कानाशी फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि डोके आड आल्याने किंचित क्षीण होऊन पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. हेडफोनमध्ये हाच फरक कृत्रिमरीत्या घडवला जातो. ज्याला एकाच कानाने ऐकू येते, त्याच्यासाठी मोनोचा पर्याय असतो; त्यात दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र होतात, त्यामुळे संवाद निसटत नाहीत, पण दिशा जाते ती जातेच.

माइनक्राफ्टच्या संगणकावरील आवृत्तीत २०१६ पासून पडद्याच्या कोपऱ्यात ‘क्रीपर फुसकारतो’ अशा अर्थाची ओळ उमटते आणि तिच्या कडेचा बाण बाजू दाखवतो. अंतर मात्र कळत नाही. फोर्टनाइट या लढाईच्या खेळाने खेळाडूभोवती वर्तुळ कल्पून त्यावर पावले, गोळीबार, खजिन्याची पेटी यांची चिन्हे मांडली. मला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण धावपळीत वाचायला सवड कुणाला असते?

ही सोय मोजक्यांसाठीच, असे मानण्याचे कारण नाही. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ या खेळात (२०१८) उपशीर्षके, म्हणजे बोलणे लिहून दाखवणाऱ्या ओळी, आधीच सुरू ठेवलेली होती, आणि सुमारे ९५ टक्के खेळाडूंनी ती तशीच राहू दिली, असे तो खेळ काढणाऱ्या यूबीसॉफ्ट कंपनीने सांगितले आहे.

तरीही उपशीर्षके वाचणाऱ्याला ती लिपी आणि ती भाषा सहज यायला हवी, आणि अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा हातांची असते. ‘फोर्झा होरायझन ५’ या मोटारशर्यतीच्या खेळाने २०२२ मध्ये कथाप्रसंगांत अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषांचे दुभाषे आणले. भारतीय सांकेतिक भाषेचे शब्द आणि व्याकरण या दोहोंपासून वेगळे आहे, त्यामुळे फोंड्यातल्या किंवा म्हापशातल्या कर्णबधिर मुलाला त्या दुभाष्यांचे हात दिसतात, बोलणे कळत नाही.