मिड-ड्राइव्ह किट आलं कुठून

ई-सायकल म्हटली की चाकातली मोटर आठवते, आणि सुरुवातही तिथूनच झाली. १८९५ साली अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन ज्युनियर यांनी मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये, मोटर बसवण्याचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी बोस्टनच्या होझिआ लिबी यांनी ती क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, आसापाशी आणली. मोटर अशी मधे असली की ती मिड-ड्राइव्ह. कल्पना इतकी जुनी, तरी घोडं अडलं दोन ठिकाणी: बॅटरीचं वजन, आणि पाय किती जोर लावतोय हे मोटरला कळणार कसं?

दुसरा प्रश्न जपानमध्ये सुटला. १९९३ मध्ये यामाहाने ‘पास’ आणली. क्रँकपाशी २३५ वॉटची मोटर, लेड-ॲसिड बॅटरी आणि पायडलवरचा जोर मोजणारा सेन्सर. ताशी १५ किमीपर्यंत पायाइतकाच जोर मोटर लावायची, मग तो कमी होत २४ ला शून्यावर यायचा. त्यामुळे तिथल्या कायद्याने तिला सायकलच मानलं, लायसन्सची भानगड नाही.

असलेल्या सायकलवर चढवायची किटं खऱ्या अर्थाने पसरली ती २०१० नंतर, लिथियम बॅटरी हाताशी आल्यावर. चीनच्या बाफांगची बीबीएस मालिका त्यातली सर्वात परिचित. जुना बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस आणि बेअरिंग) काढायचा, फ्रेमच्या त्याच नळीतून मोटरचा आस आरपार घालायचा आणि डावीकडून लॉकनट आवळायचा. नळी ६८ ते ७३ मिमी रुंद हवी, आतून साधारण ३३.५ मिमी. किट मागवण्याआधी हे व्हर्नियरने मोजा. पुढे एकच चेनरिंग (क्रँककडची दातेरी चकती) राहते, त्यामुळे चेन चकत्यांवर सरकवणारा पुढचा डिरेलर निघतो.

घाट चढताना मिड-ड्राइव्हचं मोल कळतं. हब मोटर चढावर मंदावते आणि तापते. मिड-ड्राइव्हला मागचे गिअर मिळतात, त्यामुळे तिचे फेरे पडत नाहीत. सपाट शहरात रोज ऑफिसला जायचं असेल तर मात्र हब मोटरही पुरते, आणि देखभालीची कटकट कमी.

कारण मिड-ड्राइव्हमध्ये मोटरचा सगळा जोर चेनमधून जातो. चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) लवकर झिजतात. जोर चालू असताना गिअर टाकला की चेन कडकडते, कधी तुटतेही. म्हणून गिअर बदलण्याच्या क्षणी मोटरचा जोर तोडणारा गिअर सेन्सर बसवलेला बरा. जड गिअरवर सुटायची सवय मोटरच्या आतल्या नायलॉनच्या गिअरचे दात खाते. लॉकनट सैल झाला तर अख्खी मोटर नळीत हलू लागते. पहिल्या काही दिवसांतच तो पुन्हा आवळावा लागतो.

बीबीएस फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच पाहते. यामाहासारखं जोर मोजणं स्वस्त किटात आणलं टोंगशेंग या चिनी कंपनीच्या टीएसडीझेड२ मोटरने. हौशी मंडळींनी तिच्यासाठी मुक्त फर्मवेअरही (मोटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) लिहिलं.

भारतातली मर्यादा २५० वॉट आणि ताशी २५ किमी. बाजारात ७५० वॉटचं किट सहज मिळतं, पण ते चढवलं की कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन. नोंदणी, विमा सगळं आलं.